यादीत आम्ही कितवे?

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे ते गृहस्थ खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मी सेक्रेटरी, त्यामुळे हातात कायम कामांची यादी. जिन्यात भेटले की ते विचारायचे, "काय सेक्रेटरीबाई, आज यादीत आम्ही कितवे?" आणि उत्तराची वाट न पाहता चालू लागायचे.

सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांचा चाळीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर होता, एका वेळी एकच काम करणारा. त्यावर नेटवर्कचे दोन प्रोग्रॅम एकदम चालवायचे, एकावर गप्पा आणि दुसऱ्यावर फाइल उतरवणं, असा त्यांचा हट्ट. "थोडा वेळ याला द्यायचा, थोडा त्याला. भांडू द्यायचं नाही," असं म्हणत ते दोन बोटांनी टाइप करायचे.

दोन महिन्यांनी एका शनिवारी ते जमलं. रविवारी दहाला त्यांनी सगळ्यांना बघायला बोलावलं आणि तोवर यंत्र चालूच ठेवलं, कारण बंद केलं तर सगळी जुळणी पुसली जाणार होती. रविवारी नऊला मी यादीप्रमाणे, कोणता कशाचा ते न बघता, हॉलमधले सगळे प्लग काढले आणि बरोबरची खूण केली.

दहाला पडदा काळा. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, "काका, आता संग्रहालयात द्या!" सगळे हसले. काकांनी लोंबणारा प्लग पाहिला, मग माझ्या हातातली यादी.

"जुनं यंत्र आहे. दमलं असेल," ते म्हणाले.

मी यादीची घडी घालून पर्समध्ये टाकली.

आता जिन्यात ते नुसती मान हलवतात, कितवे ते विचारत नाहीत. रोज माझ्या यादीत पहिले तेच असतात, 'काकांना प्लगचं सांगणे', आणि रोज संध्याकाळी मी ती ओळ उद्याच्या यादीत उतरवते.