खंडेनवमीची हळद

शाळेनं मला चौथीत सोडलं, म्या शाळंला न्हाई. म्हणून सांगताना काय चुकलं तर मला हसा, पोरीला नगं.

पोरगी माझी साताऱ्याच्या कालेजात डीएनएवर काम करती. म्हंजी काय, तर आपल्या अंगात, उसात, म्हशीत, समद्यात एक बारीक माळ असती, आन् तिचं मणी चारच परकारचं. त्यातल्या एका मण्याला ती असा रंग जोडती, की लेसर पडला की मणी चमकतो. लय म्हंजी लय बारीक उजेड. त्याच्याम्होरं काजवा म्हंजी ट्रॅक्टरचा हेडलाईट. तो एकटा मणी दिसला तरच तिचं काम पुढं सरकणार, न्हाईतर इषय बंद, असं तिच्या सरांनी सांगितलंवतं.

तो बघायचा मायक्रोस्कोप सांगलीला, विश्रामबागेत. तिथं नंबर लागता लागत न्हाई. तिचा लागला दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी. मग ती साताऱ्यासनं सणाला घरी आली, शिराळ्याजवळ आमच्या गावात. संगं मण्यांचा बर्फाचा डबा आन् ॲसिडनं धुतलेल्या पातळ काचांचा एक डबा. बर्फाचा ठेवला फ्रीजमधी, काचांचा फळीवर.

"आबा, याला हात लावायचा न्हाई."

म्या म्हणालो, "व्हय." माझं व्हय म्हंजी काय असतंय ते बायकोला इचारा.

खंडेनवमीला आमी हत्यारं पुजतो. कोयता, खुरपी, ट्रॅक्टरचं पानं, बायकोचं शिलाई मशीन, समदं पाटावर मांडलं. आन् मनात आलं, घरात शिकलेलं माणूस ही एकटी, आन् हिचंच हत्यार तेवढं फळीवर? पोरगी मैतरणीकडं गेलीवती. काढला डबा. एकेक काच घेऊन हळदीकुंकवाचं बोट लावलं, हात जोडलं. मग भ्या वाटलं, तवा टावेलानं पुसून जशाच्या तशा ठेवल्या. लख्ख पुसल्यावत्या. आयुष्यात एवढं नीट काम म्या दुसरं केलेलं न्हाई.

सांगलीला मोटरसायकलवर म्याच नेलं. मशीन बघणाऱ्या सरांनी मला बी आत घेतलं, हात खिशात ठेवायच्या बोलीवर. अंधार केला. पोरीनं काचेवर थेंब सोडला, लेसर लावला. काळा पडदा एकदम हिरवागार पेटला. खिशातनं हात काढून म्या टाळ्याच वाजवल्या.

"झालं की गं बाय! दिवाळीच आली!"

पोरीनं थेंबाबिगर कोरी काच लावली. ती बी हिरवीगार. दुसरी लावली, ती बी. मग ती सावकाश माझ्याकडं वळली.

"आबा, नवमीला डबा कुठं हुता?"

"देवापुढं."

"हळद लावली?"

"बोटभर. आन् पुसली की!"

"आवं, हळद लेसरखाली चमकती. पुसून जात न्हाई ती. माझा मणी त्यातच कुठंतरी हाय, पर आता दिसायचा कसा?"

सरांनी कपाळाला हात लावला. "काका, काचेवर धूळ बघितली, घाम बघितला. पूजा पयल्यांदाच बघतोय."

त्यांनी कपाटातल्या काचा दिल्या. पर त्या तशा धुतलेल्या नव्हत्या, त्यांच्यात बी धुळीचं ठिपकंच ठिपकं चमकत हुतं, त्यात मणी कंचा ते कळंना. नंबर तेवढ्याच दिवसाचा.

"म्या घासू का गं? जत्रेतल्या कढया घासलेला माणूस हाय मी."

"आबा, तुमी फकस्त बसा."

बसलो. पोरीचा खांदा हालत हुता, रडती का काय, अंधारात कळंना. खंडोबाला साकडं घालावं म्हणून डोळं मिटलं, आन् लगेच उघडलं. समदं तिथनंच तर सुरू झालंवतं.

येताना मोटरसायकलवर ती डबा पोटाशी धरून मागं बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या कशा खायच्या ते मला ठाऊक हाय.

तिचं साताऱ्याचं सर भलं माणूस, इषय बंद करायच्या आधी आणखी एक डाव थांबतो म्हणालं. भाऊबीज झाली की परत नंबर हाय. लक्ष्मीपूजनाला पोरगी घरी आली ती नवा डबा घेऊनच. पूजा चाललीवती आन् ही बाहेर सोप्यात, डबा मांडीवर घेऊन बसलेली. परसाद द्याय गेलो तर लांबनंच म्हणाली, "आबा, हात दावा."

दावलं. धुतलं हुतं, तरी नखात पिवळं हुतंच.

"तिथंच उभं ऱ्हावा."

उभा ऱ्हायलो. परसादाची वाटी उंबऱ्यावर ठिवली आन् तिथनंच हात जोडलं. देव आत हुता, माझं तोंड बाहेर, डब्याकडं.