समोरच्या घरातला समुद्र

"वहिनी, फोडणी झाली का?"

रोज सकाळी हा प्रश्न आमच्या उघड्या दारातून आत यायचा. विचारणारे गृहस्थ समोरच्या फ्लॅटच्या उंबऱ्यावर उभे असायचे. अंगात बनियन, खाली लेंगा आणि हातात वर्तमानपत्राएवढा एक कोरा कागद. इमारतीत कोणी नवीन राहायला आलं की त्यांना वाटायचं, हा माणूस खाण्याचा भलताच शौकीन दिसतो, शेजारणीच्या फोडणीवर टपून बसलेला असतो. मीही कुणाचा गैरसमज दूर करायला जात नसे. खरं सांगायचं तर माझ्या फोडणीवर इतकं बारीक लक्ष ठेवणारा आणि तिच्यावर इतका नाखूश असणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमची तीन मजली इमारत होती. नव्वदच्या दशकात आम्ही तिथे राहायला गेलो. मी घरून डबे देत असे, त्यामुळे सकाळी आमच्याकडे कढई खाली उतरायची नाही. समोरचे हे भाऊजी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होते. बॉयलरला लागणारं पाणी शुद्ध करायचं, हे त्यांचं काम. दिवसभर पाणी शुद्ध करून त्यांचं मन भरत नसावं, कारण घरी आल्यावरही ते तेच करत.

त्यांच्या हॉलमध्ये काचेची एक लांबलचक टाकी होती आणि टाकीत समुद्र होता. तुम्ही म्हणाल, माशांची टाकी तर प्रत्येक दातांच्या डॉक्टरकडे असते. ती गोड्या पाण्याची. भाऊजींची टाकी खाऱ्या पाण्याची होती. त्यासाठीचं खास मीठ ते मुंबईहून मागवत. आमच्या ह्यांनी एकदा शेजारधर्म म्हणून त्यांना खड्या मिठाची पिशवी नेऊन दिली होती, तर भाऊजींनी ती फार अदबीने घेतली आणि लोणच्याला वापरली. टाकीत काही दगड होते आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या दोन माशांची एक जोडी होती. याआधी दोनदा त्यांचा समुद्र मेला होता. ही तिसरी खेप. हीसुद्धा गेली तर टाकीची गव्हाची कोठी करायची, असं त्यांनी बायकोला कबूल करून ठेवलं होतं.

आता यात माझ्या फोडणीचा काय संबंध, हे मलाही सुरुवातीला कळलं नव्हतं. एकदा त्यांनीच मला टाकीसमोर नेऊन दाखवलं. गुडघ्यांवर हात ठेवून ते वाकले, मान तिरपी केली आणि काचेतून खालून वर, पाण्याच्या पाठीकडे बघू लागले. "वरून नाही, खालून बघा," म्हणाले. मी वाकले. पाण्याचा वरचा थर खालून आरशासारखा चकचकीत दिसायला हवा होता, पण त्यावर धुरकट डाग पसरले होते आणि बुडबुडे त्याला चिकटून बसले होते. "हा तवंग. पाणी श्वास घेतं ते वरून. वर साय धरली की खाली जीव कोंडतो." मग जराशा संकोचाने त्यांनी आमच्या दाराकडे पाहिलं. तेलाचा धूर बोळ ओलांडून यायचा आणि नेमका त्यांच्या समुद्रावर येऊन बसायचा.

आता बघा, माझ्या आमटीवरचा तवंग पाहून लोक डबा लावायचे. तोच तवंग या माणसाच्या झोपेवर उठला होता. मी काही फोडणी बंद करणार नव्हते. त्यांनीही तसं कधी सुचवलं नाही. दार लावून घ्या, एवढंही म्हणाले नाहीत. फोडणी झाली की नाही, तेवढं विचारायचे आणि मी "झाली" म्हटलं की थोडा वेळ थांबून कामाला लागायचे.

ते काम बघण्यासारखं होतं. कोरा कागद दोन्ही हातांत धरून ते आधी त्याचं पोट पाण्याला टेकवत, मग दोन्ही कडा अलगद सोडत. कागद पाण्यावर निजायचा. जरा थांबून एका बाजूने तो उचलायचा, की तवंग कागदाबरोबर वर. छापील कागद चालत नसे, शाई पाण्यात उतरेल म्हणून. ओळखीच्या छापखान्यातून ते कोऱ्या कागदाचे गठ्ठे आणत, आणि मीही तळण निथळायला त्यांच्यातलेच मागून घेत असे.

पुढे त्यांनी पाणी आपोआप वरून वाहून जावं अशी सोय केली. टाकीच्या कोपऱ्यात एक छोटा डबा, त्याच्या काठाला दाते, दात्यांमधून फक्त वरचं पाणी डब्यात पडणार आणि गाळून, पंपाने पुन्हा टाकीत येणार. ते दाते म्हणजे चक्क कंगवे होते, कापून चिकटवलेले. भाऊजींच्या डोक्यावर तेव्हा जेमतेम झालर उरली होती. ते कॉलेज रोडच्या दुकानात एकेक कंगवा उजेडात धरून दात्यांमधलं अंतर बघत होते आणि दुकानदार त्यांच्या टकलाकडे बघत होता, हे त्यांच्या बायकोने मला हसून हसून सांगितलं.

ही बाई पिंपळगाव बसवंतची, द्राक्षबागेत वाढलेली, मोकळ्या गळ्याची. तिचं म्हणणं, देवांना आतल्या खोलीत धाडलं आणि मासे हॉलमध्ये बसवले, असं घर तिने दुसरं पाहिलं नाही. हॉलमध्ये उदबत्ती बंद, डासांची कॉइल बंद. "ताई, केसाला तेल लावायला मला गच्चीत जावं लागतं. लय झालं यांचं," असं ती म्हणायची आणि लगेच माशांना दाणे टाकायला उठायची. टाकीत हात घालायची परवानगी मात्र तिलाही नव्हती. हात घालणारा आधी हात साबणाने धुणार, कोपरापर्यंत, आणि भाऊजी ते वास घेऊन तपासणार.

पुढे भारनियमनाचे दिवस आले. वीज केंद्रातला माणूस आणि त्याच्याच घरी वीज नाही, म्हटल्यावर इमारतीतल्या बायका त्यांना जिन्यात गाठून विचारत, "भाऊ, तुमच्याकडे बटण कोण बंद करतं?" बटण खरोखर आपल्याच हातात असावं, तसे ते ओशाळून हसत. वीज गेली की पंप बंद आणि पाणी निपचित पडे. मग भाऊजी ओगराळ्याने पाणी उचलून उंचावरून टाकीत सोडत उभे राहायचे, वीज येईपर्यंत. ते ओगराळं माझं होतं. एकदा मागायला आले, नंतर मी नवीन घेतलं.

असंच एक वर्ष दिवाळीच्या तोंडाशी मी फराळाच्या ऑर्डरी घेतल्या होत्या. चकल्या, शंकरपाळी, चिवडा, सकाळपासून तळण चालू. दुपारी त्यांची बायको आली आणि दाराशीच घुटमळली. "ताई, तुम्हाला सांगू नका म्हणलेत. पण मी सांगते. माशांनी अंडी घातलीत."

मी तशीच उठून गेले. भाऊजी टाकीपुढे स्टूल टाकून बसले होते आणि घरात बाळंतीण असल्यासारखं हळू बोलत होते. दगडाच्या कुशीत केशरी ठिपक्यांचा एक गालिचा दिसत होता. जोडीतला लहान मासा, म्हणजे बाप, पंखांनी त्यांना वारा घालत होता. वर पाण्यावर मात्र माझ्या चकल्यांचा तवंग. कागदाने काढावा तो पुन्हा धरत होता. अंड्यांना स्वच्छ पाणी लागतं, नाहीतर ती पांढरी पडून मरतात. हे त्यांनी मला न सांगता मुकाट्याने सोसायचं ठरवलं होतं. का सांगितलं नाही, असं मी जरा रागानेच विचारलं. ते म्हणाले, "तुमची दिवाळी आहे, वहिनी."

मला राग आला तो खरा. शेजारी म्हणून काय नुसत्या वाट्या देण्याघेण्यापुरते आहोत? संध्याकाळपर्यंत मी आमच्या ह्यांच्याकडून सिलिंडर, शेगडी, कढई, सगळा संसार गच्चीत नेववला. गच्चीत वाऱ्याने गॅस फडफडत होता, म्हणून एक जुना दरवाजा आडवा लावला. नंतर भाऊजींना हे कळलं. ते वर आले, खाली बसले आणि सोऱ्या हातात घेतला. तेलाचं नाव काढलं तर कपाळाला आठ्या घालणारा हा माणूस अंधार पडेपर्यंत माझ्या चकल्या पाडत होता. आणि चांगल्या पाडत होता.

नरक चतुर्दशीची पहाट आली. सणाला वीज जाणार नाही, असं भाऊजींनी इमारतीला छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यांच्या बायकोने त्यांना पाटावर बसवलं, डोक्यापासून पायापर्यंत सुवासिक तेल चोपडलं, उटणं लावायला घेतलं आणि गल्लीतल्या खांबावरचा फ्यूज उडाला. पंप थांबला. त्या शांततेत भाऊजी पाटावरून जे उठले ते थेट टाकीकडे. कोपऱ्यातल्या डब्यातून पाणी उलटं येतंय असं त्यांना वाटलं आणि ते थांबवायला त्यांनी हात घातला, खांद्यापर्यंत.

ज्या माणसाने बायकोच्या तेल लावलेल्या वेणीलाही हॉलमध्ये येऊ दिलं नाही, त्याने आपला तेलाने निथळणारा, उटणं लागलेला अख्खा हात समुद्रात बुडवला होता.

आरडाओरडा ऐकून मी मेणबत्ती घेऊन धावले. भाऊजी पंचा गुंडाळून टाकीपुढे उभे होते, अंग चमकत होतं, आणि पाण्यावर मोराच्या पिसासारखे रंग पसरले होते. दोन्ही मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. बापसुद्धा अंडी सोडून वर आला होता. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, आज फोडणी मीच घातली."

हसावं की रडावं, मला कळेना. त्यांच्याकडचे कागद संपले होते. सगळे तळणासाठी माझ्याकडेच होते. मी उरलेला गठ्ठा आणला. भाऊजींना टाकीजवळ फिरकू दिलं नाही, तुम्ही आधी आंघोळ करा म्हटलं. त्यांच्या बायकोने आणि मी हात धुतले, एकमेकींचे वास घेतले आणि कागद टाकायला लागलो. आधी पोट, मग कडा. इतकी वर्षं त्यांच्या दारातून बघत आले होते, ते सगळं हातांना बरोबर ठाऊक होतं. आमचे हे ओगराळ्याने पाणी उंचावरून सोडत होते. मोरीतून भाऊजी अंगावर भराभर तांबे ओतत सूचना देत होते, आणि आम्ही त्या ऐकत नव्हतो. बाहेर फटाके वाजत होते. कागदामागून कागद गेला. उजाडताना त्यांच्या बायकोने वाकून खालून पाहिलं आणि म्हणाली, "आरसा झाला, ताई. या बघायला." मासे खाली उतरले होते. बाप पुन्हा दगडापाशी जाऊन वारा घालत होता.

त्या दिवशी पहिल्या फराळाला आम्ही दोन्ही घरं त्यांच्या हॉलमध्ये, टाकीसमोर जमिनीवर बसलो. चकली खाल्ल्यावर प्रत्येकाने हात धुवावेत म्हणून भाऊजी साबण घेऊन उभे होते.

अंडी फुटली. डोळ्यांत भरणार नाहीत एवढे ठिपके पाण्यात लवलवताना आम्ही पाहिले. दुसऱ्या दिवशी ते नव्हते. इतकी बारीक पिल्लं जगवायची विद्या आपल्याकडे नाही, असं भाऊजी म्हणाले. मला वाटलं ते खचतील. पण ते आठवडाभर पेढे वाटत फिरले. कोणी विचारलं की सांगायचे, "समुद्राचा मासा नाशकात जन्मला. जगला नाही, पण जन्मला तर इथेच."

निवृत्तीनंतर ते दोघं मुलीकडे रत्नागिरीला गेले. जाताना टाकी आमच्या हॉलमध्ये आणून ठेवली. अहो, आमच्याकडे दिवसभर तेल, म्हटलं मी. ते म्हणाले, "तुमच्या तेलाची त्यांना सवय आहे. दुसऱ्याचं सोसणार नाही." तेव्हापासून माझी शेगडी मागच्या गॅलरीत गेली. रोज सकाळी रत्नागिरीहून फोन यायचा, फोडणी झाली का. एकदा मी विचारलं, तिथे करमतं का? म्हणाले, "इथे मला कामच नाही, वहिनी. समुद्र आपला वरचा सगळा तवंग फेस करून स्वतःच किनाऱ्यावर आणून टाकतो. मी नुसता बसून बघतो." फार खूश होते.

मग एका वर्षी फोन यायचा थांबला. चहा पिऊन खुर्चीत बसले होते, तसेच गेले, असं त्यांच्या बायकोने कळवलं. मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी मी चूल पेटवली नाही. पण टाकीवरचा कागद चुकवला नाही.

जोडी अजून आहे. रोज फोडणी झाली की मी हात धुते, गुडघ्यांवर हात ठेवून, कुरकुरत टाकीपुढे वाकते आणि समोरच्या दाराकडे तोंड करून मोठ्याने सांगते, "झाली हो." समोर आता एक नवं जोडपं राहतं. परवा त्यातली मुलगी वाटी घेऊन दारात आली. रोज हाक मारता, म्हटलं जावं एकदा, असं लाजत म्हणाली.

मी तिची वाटी आमटीने काठोकाठ भरली, तवंगासकट. ती निघाली, तेव्हा तिला थांबवलं, वाटी बाजूला ठेवायला लावली, हात धुऊन यायला सांगितलं. मग टाकीपुढे उभी केली. ती काचेवर वाकून वरून पाण्यात डोकावायला लागली.

"वरून नाही गं," मी म्हटलं, "खालून बघ."