अक्कांबरोबर बाली

फोन वाजला तेव्हा मी धुळ्यात, देवपूरच्या दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवी होते. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन अर्धा जबडा बधिर केला होता. पडद्यावर प्रकाशचं नाव दिसलं. प्रकाश म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचा, असोद्याच्या अक्कांचा मुलगा. "मामी, माय गेली," एवढंच तो म्हणाला. मला विचारायचं होतं कधी, कशी, कोण होतं जवळ... पण जीभच हलेना. तोंडातून नुसतं "हं" निघालं. त्याने थोडी वाट पाहिली आणि फोन ठेवला. मामीला काही वाटलंच नाही, असं त्या पोराच्या मनात आलं असेल. आमच्या घराण्यात माझ्याबद्दल तसाही तोच समज आहे.

त्याला आता पाच आठवडे झाले. अक्का पहाटे अंघोळीला उठल्या, मोरीच्या दाराशी बसल्या आणि तिथेच संपल्या. वय चौऱ्याहत्तर. सगळे म्हणतात, सोन्यासारखं मरण आलं. असेलही. मी मात्र या दिवसांत फार दमून गेले आहे. रडूही येत नाही, कामही सुचत नाही. आणि दमले की मला बालीची ती प्रवासी गाडी आठवते, आणि तिच्या मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसलेल्या अक्का.

आमचं दोघींचं कधी फारसं जमलं नाही. मी धुळ्याच्या शाळेत भूगोल शिकवणारी, त्या असोद्याला केळीच्या बागेत उभं आयुष्य काढलेल्या. पाठच्या भावावर, म्हणजे माझ्या यजमानांवर, त्यांचा फार जीव; यांना त्या सुधा म्हणत. लग्नानंतर हे धुळ्याचेच होऊन गेले, याचा राग त्यांनी माझ्यावर काढला, आणि मीही त्यांना फार जवळ येऊ दिलं नाही. वरवर मात्र सगळं नीट होतं. भरताची वांगी असोद्याहून धुळ्याला येत, धुळ्याहून दिवाळीचा फराळ असोद्याला जाई.

यांनी निवृत्तीनंतर एकच हौस धरली होती, एकदा परदेशी जायचं. मुलीने पुण्याहून आम्हा दोघांची बालीची तिकिटं काढली. जायला महिना असताना यांच्या छातीत दुखलं, दवाखान्यात ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी हे गेले. अक्का पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. भरल्या घरात, सगळ्यांसमोर त्या मला म्हणाल्या, "मले एक फोन करता आला नाही तुले?" मी खाली मान घालून बसले. ते वाक्य नंतर सगळ्या नात्यागोत्यात फिरलं.

वर्षभराने मुलगी हट्टाला पेटली. बाबांचं राहिलं, तू तरी जाऊन ये, कोणालातरी सोबत घे. मी दोघीतिघींना विचारलं, कोणाला जमेना. आणि एके दिवशी अक्कांचाच फोन आला. "मी येते. सुधाच्या जागी." कैलासला जायचं म्हणून प्रकाशने त्यांचा पासपोर्ट कधीचा काढून ठेवला होता. नाही म्हणायला मला कारणच सापडलं नाही.

मी तयारी केली ती परीक्षेला बसल्यासारखी. वहीभर लिहून घेतलं. विमानतळावर कोणत्या गाडीत बसायचं नाही, 'देऊळ आज बंद आहे' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, देवळाच्या दारात कमरेला गुंडाळायचं वस्त्र विकणाऱ्यांकडून काही घ्यायचं नाही कारण ते आत फुकट मिळतं. सगळं पाठ होतं आणि तरी पहिल्याच दिवशी फसले. विमानतळावर एक हसरा माणूस माझ्या नावाची पाटी घेऊन उभा होता. आम्ही त्याच्यामागे गेलो, तर आमचा खरा माणूस दुसऱ्या दाराशी वेगळी पाटी धरून थांबलेला. ही पाटी त्याने माझ्या बॅगेवरचं नाव वाचून घाईघाईने लिहिली होती. हॉटेलात पोचल्यावर मला ते कळलं आणि मी संतापाने खोलीभर फेऱ्या मारायला लागले. अक्का पलंगावर बसून टाचा चोळत होत्या. "आणलं ना त्यानं बरोबर जागी? मंग बस आता."

दुसऱ्या दिवसापासून हॉटेलने दिलेला वायन नावाचा ड्रायव्हर आमच्याबरोबर होता. माणूस मऊ बोलायचा. समुद्रातल्या देवळाला निघालो, तर म्हणाला, आत्ता तिथे पूजा आहे, आधी कॉफीची बाग पाहू. माझ्या वहीत जवळजवळ हेच लिहिलेलं होतं! मी इंग्रजीत त्याला झापलं. तो हसतच राहिला आणि गाडी बागेच्याच फाटकात नेली. मी उतरायला तयार नाही. अक्का मात्र उतरल्या, त्यांना लघवीला जायचं होतं. पाऊण तासाने बाहेर आल्या तेव्हा हातात काही नव्हतं. आत एका बाईने त्यांना सात प्रकारच्या कॉफीचे पेले पाजले होते, आणि अक्कांनी त्या बाईला परसातल्या केळीची पानं कशाने करपली आहेत ते हातवारे करून समजावलं होतं. "तिले काही इकता आलं नाही मले," त्या म्हणाल्या. मला हसू आलं नाही. उशीर झाला याचाच राग होता. यांच्याबरोबर आले असते तर हे सगळं यांनी सांभाळलं असतं, मला फक्त बघायचं असतं... दिवसभर डोक्यात तेच.

देऊळ पाहिलं, म्हणजे माणसांच्या डोक्यांवरून पाहिलं. परतीला गाडी अडकली. पुढे गावची मिरवणूक होती. पांढऱ्या कपड्यांतले लोक, बायकांच्या डोक्यावर फळांचे उंच मनोरे. वायनने गाडी बंद केली आणि हात जोडून बसला. अर्धा तास झाला तरी मिरवणूक सरेना. अक्का सीटवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. खिडकीतून बाहेर बघतच त्यांनी विचारलं,

"सुधा शेवटी काय बोलला व?"

वर्षभरात हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. इतकी दमले होते की खोटं बोलायलाही अंगात जोर नव्हता. मी म्हणाले, "सकाळी म्हणाले, अक्काला बोलाव. मी बाहेर येऊन तुम्हाला फोन केला. एकदाच. तुम्ही उचलला नाहीत. मग मी पुन्हा केला नाही. संध्याकाळी करू म्हटलं. आणि खरं सांगते अक्का, तुम्ही उचलला नाहीत तेव्हा मला बरंच वाटलं. त्या दिवशी तुमच्याशी बोलायची ताकद नव्हती माझ्यात. परत आत गेले तर यांनी विचारलं, येते का? मी म्हटलं, निघाल्या आहेत."

 मिरवणूक संपली, वायनने गाडी सुरू केली. हॉटेलवर त्या न जेवता झोपल्या. दुसऱ्या दिवशीही आमच्यात चहा, चप्पल, चष्मा एवढेच शब्द. मी मनात म्हटलं, आता गावी गेल्यावर हेही सगळ्यांना कळेल. कळू दे.

चौथ्या दिवशी झऱ्याच्या देवळात गेलो. दगडी कुंडात ओळीने धारा पडतात, लोक पाण्यात उतरून एकेका धारेखाली डोकं धरत पुढे सरकतात. दारात एकाने वाट अडवली, गाइड घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत म्हणाला. ते खोटं आहे हे मला माहीत होतं. तरी मी त्याला चल म्हटलं. भांडायचाही कंटाळा आला होता. निदान तो खरी माहिती सांगणारा निघाला. तीर्थयात्रांमुळे अक्कांना कुंडांची सवय, त्या लुगड्यावर देवळातलं हिरवं वस्त्र गुंडाळून सरळ पाण्यात उतरल्या. मीही मागोमाग उतरले. पाणी बर्फासारखं होतं. अक्का एकेक धार घेत पुढे जात होत्या आणि मध्येच काठावरून गाइड ओरडला, पुढच्या दोन सोडा, पुढच्या दोन सोडा!

"काय म्हणतो तो?" अक्कांनी विचारलं.

"त्या दोन धारा मेलेल्या माणसांसाठी आहेत म्हणतो. जिवंत माणसांनी घ्यायच्या नाहीत."

अक्का तिथेच थांबल्या. मागे रांग खोळंबली, कोणीतरी काहीतरी म्हणालं. गाइड हातवारे करत होता. अक्का त्या दोन धारांकडे बघत कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या, मग हात जोडले आणि वळून सरळ पायऱ्यांशी आल्या. उरलेल्या धारा त्यांनी घेतल्याच नाहीत. मी जवळ गेले तर ओठ निळे पडलेले. मी टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला.

"मंगल," त्या म्हणाल्या. माझं नाव त्या क्वचितच घेत. "फोन माह्या हातातच व्हता."

मला आधी कळलं नाही.

"तुवं नाव दिसलं. भाऊबीजेले तो आला नव्हता ना, तो राग व्हता माह्या डोक्यात. मले वाटलं, आता ही समजूत घालाले फोन करू राह्यली. मी तो पालथा ठेवला नी कोठीत निघून गेली... दुपारी परत पाह्यला, तवा वाटलं करावा. नाही केला. नी तुह्या घरी येऊन बठ्ठ्यांसमोर तुलेच बोलली."

 एक वर्ष! एक वर्ष मी लग्नाकार्यांत मान खाली घालून बसले होते, जावा-भावजयांच्या नजरा झेलल्या होत्या, आणि या बाईला सगळं माहीत होतं. मी म्हणाले, "तुम्ही हे सांगितलं का नाहीत?" त्या म्हणाल्या, "तू तरी कुठी सांगितलं?"

 आम्ही दोघी ओल्या कपड्यांनी पायरीवर बसून राहिलो. आजूबाजूला लोक फोटो काढत होते, गाइड घड्याळ बघत होता. कोणी कोणाला माफ केलं असं मला सांगता येणार नाही. मिठी नाही, रडणं नाही. थोड्या वेळाने अक्का म्हणाल्या, "थंडी वाजते व," आणि मी उठून त्यांचं कोरडं लुगडं आणलं. आडोशाला उभं राहून त्यांना नेसवलं. त्यांच्या पाठीचे मणके बोटांना लागत होते. हे कुशीवर वळले की यांच्याही पाठीचे मणके असेच हाताला लागायचे.

गावी आल्यावर अक्कांनी एक केलं. प्रकाशच्या मुलीच्या साखरपुड्याला सगळं गणगोत जमलं होतं. तिथे पंगत बसायच्या आधी त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मंगलनं मले फोन केला व्हता. मीच उचलला नाही. हे बठ्ठ्यांनी ऐकून घ्या." एवढं बोलून बसल्या आणि वाढायला सांगितलं.  मीही उठून माझी बाजू सांगायला हवी होती, की एकदाच केला, की नाही उचलला याचं मला बरं वाटलं होतं. मी उठले नाही. ते तसंच राहिलं, आणि आता ते माहीत असणारी एकुलती एक बाई गेली.

दिवसकार्याच्या गर्दीत बोलणं झालं नव्हतं, म्हणून परवा पुन्हा असोद्याला गेले होते. प्रकाशला दातांच्या दवाखान्याचं सांगितलं. तो म्हणाला, "मामी, मले वाटलंच नाही तसं काही." त्याला वाटलं होतं, पण तो आईवर गेला नाही, समजूतदार आहे. त्याची बायको योगिता म्हणाली, "मामी, तुमचा चेहरा किती उतरलाय, मायच्या खोलीत जरा पडा." अक्कांची खोली मागच्या बाजूला आहे, खिडकीशी केळीची पानं टेकतात. लोखंडी खाट, तिच्यावर कापसाची जुनी गादी. योगिताने चादर बदलली होती, गादी तीच. इतकी वर्षं एकाच कुशीवर झोपून तिच्यात भिंतीकडे एक खड्डा पडला आहे. मी आधी अंग चोरून काठावर पडले. पण गादीचा उतार तिकडेच होता, हळूहळू सरकत मी त्या खड्ड्यात गेले. अक्का माझ्यापेक्षा उंच, हाडापेराने रुंद. खड्डा माझ्या मापाचा नव्हता. पाच आठवड्यांत पहिल्यांदा मला झोप लागली.