न पिणाऱ्यांचं लिव्हर

नेरूळच्या एका लिव्हर क्लिनिकमध्ये मी स्कॅन काढते. पेशंट उजवा हात डोक्याखाली घेऊन झोपतो, मी बरगड्यांमध्ये प्रोब टेकवते, आणि तो आपोआप बोलायला लागतो. मशीनची मेमरी मधूनमधून रिकामी करता येते. माझी येत नाही.

*

मार्केटात पोती उचलणारे एक काका आले. मूळचे साताऱ्याकडचे, गळ्यात माळ, अंगावर चरबी नावाला नाही. लिव्हर मात्र चरबीने भरलेलं आणि कडक. मी तीनदा प्रोब हलवून पाहिला, आकडा तोच.

डॉक्टर मॅडमनी जीनची टेस्ट करून घेतली. "काका, तुमच्या एका जीनमध्ये बदल आहे. त्यामुळे लिव्हरमध्ये चरबी साठून राहते. जीनच्या दोन्ही प्रतींत तो आहे, एक आईकडून आलीय, एक वडिलांकडून."

काकांनी गळ्यातली माळ चाचपली. मग म्हणाले, "म्हणजे त्यांनी मला दिलेलं एवढंच."

*

तळवलीचे दोन भाऊ. थोरले दादा ढेरपोटे, रोज संध्याकाळी बसणारे. धाकटे शिक्षक, सडपातळ, निर्व्यसनी. गाठ निघाली धाकट्यांच्या लिव्हरमध्ये. कॅन्सर.

दादा माझ्यावर डाफरले, "तुमी नावं बदललीत. ता माजं हाय."

मी दोन्ही फाइली पुढे ठेवल्या. जीनमधला तो बदल धाकट्यांत होता, थोरल्यांत नव्हताच. मॅडम म्हणाल्या, "याचा अर्थ तुम्ही पीत राहा, असा नाही."

दादांचं लक्ष भावाकडे होतं. "मग माजं काढून त्याला लावा."

त्या संध्याकाळपासून त्यांनी घेतलेली नाही.

*

बेलापूरच्या एका ऑफिसातले साहेब. जीनचा रिपोर्ट हातात पडताच म्हणाले, "यावर आडनाव नको. मुलीचं लग्न ठरलंय."

"मुलीचीही तपासणी करू या," मॅडम म्हणाल्या. साहेब फाइल टेबलावरच ठेवून निघून गेले.

दीड महिन्याने मुलगी स्वतःच आली. हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती. म्हणाली, "बाबांना सांगू नका."

*

एक मावशी आपल्या मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलीचे वडील लिव्हरच्या कॅन्सरने गेलेले. ते चोरून पितात, असं सगळे नातेवाईक म्हणायचे. मावशींनाही तसंच वाटायचं. रोज कामावरून आले की त्या त्यांचं तोंड हुंगायच्या. वास कधीच आला नाही. तरी त्यांना वाटायचं, काहीतरी खाऊन येत असतील.

मुलीच्या रिपोर्टात तोच बदल निघाला, दोन्हीकडून आलेला. मॅडमनी शांतपणे सांगितलं, "एक तिच्या वडिलांकडूनच आलाय. हा बदल असला की दारूचा थेंब न घेताही कॅन्सर होऊ शकतो."

"म्हणजे ते खरं बोलत होते?"

"तसंच असावं, मावशी."

मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग मुलीकडे न बघता म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, आता तरी विश्वास बसला का. मी पाणी आणते म्हणून उठून गेले."