ॲव्हरेजचा स्क्रू

सख्ख्या भावांत रक्त सांडतं ते जमिनीपायी नाहीतर अब्रूपायी, असं जाणती माणसं सांगतात. आमच्याकडे ते गाडीच्या इंजिनातल्या डिझेल पंपाच्या स्क्रूपायी सांडलं.

परवा औशात एका जुन्या पिकअपनं काळा धूर ओकला आणि त्या वासासरशी जळकोटचा चढ आठवला. आमच्या पिकअपमागं मळणीयंत्र जोडलेलं होतं. मी बाबांशेजारी बसलो होतो. काका चाकाला लावायचा दगड घेऊन मागून चालत होता. काकाला गाडीत ताकद हवी असायची, बाबांना ॲव्हरेज. म्हणून बाबांनी गुपचूप पंपाचा स्क्रू फिरवून इंजिनला जाणारं डिझेल कमी केलं होतं.

चढाच्या मध्यावर इंजिनचा दम सुटला. ब्रेक लागेपर्यंत सगळं धूड मागं घसरलं. काकानं टाकलेला दगड फुटला आणि यंत्राच्या पत्र्यानं त्याची मांडी फाडली. लंगडत येऊन त्यानं बाबांना गचांडी धरून खाली ओढलं.

"दादा, जीव घेतो का रं माझा?"

"लिटरमागं दोन किलोमीटर जास्त देऊन राहिली ती!" बाबा ओरडले.

काकानं पान्यानं त्यांचे पुढचे दात पाडले. तेव्हा मला वाटलं, घर फुटलं. आता वाटतं, ती तांत्रिक चर्चा होती.

त्या दिवशी गाडीनं आयुष्यातलं सर्वांत चांगलं ॲव्हरेज दिलं. उरलेला रस्ता तिला ट्रॅक्टरनं ओढून नेलं.