वरणाचं पाणी

बाबांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, "हलका खाना दीजिए." आमच्या आईला तेवढंच पुरे होतं. मदन महल भागातल्या आमच्या घरी ती तुरीची डाळ शिजवायची, न घोटता निवळू द्यायची आणि वरचं पिवळं पाणी थर्मासमध्ये भरून माझ्या स्कूटरवर मागे बसायची. दवाखान्याचं ताट ती हात जोडून परत पाठवायची. त्यात पनीर असायचं, म्हणजे जड. जन्मभर फॅक्टरीत लोखंड उचललेला माणूस, आणि आम्ही त्याला चमच्याने पाणी पाजत होतो.

"काहून मला पाण्यावर ठेवून राहिली? मासोळी आहो का मी?" बाबा तिला म्हणाले. आम्ही खूप हसलो. मग हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. जखम भरून येईना, पाय सुजले, औषधं बदलून झाली. मला सगळ्यांचाच राग यायचा, डॉक्टरांचा, देवाचा, त्या मेल्या थर्मासचासुद्धा.

शेवटी एका सकाळी दवाखान्यातली आहारतज्ज्ञ मुलगी आली. तिने बाबांचा दंड चिमटीत धरून पाहिला, मग थर्मास उघडला.

"आंटी जी, ये तो पानी है. दाल कहाँ है?"

"डॉक्टर साहब बोले थे, हलका देना," आई म्हणाली.

"हलका मतलब तेल-मिर्च कम. घाव भरेगा किससे?"

जखम भरायला प्रोटीन लागतं, ते तळच्या डाळीत राहतं आणि बाहेरून मिळालं नाही की शरीर स्वतःचंच मांस खातं, असं तिने समजावलं. मी तिच्यावरच भडकले. इतके दिवस कुठे होता तुम्ही?

"मुझे तो आज बुलाया है, दीदी."

बाबांच्या नाकातून पोटात अन्नाची नळी घातली. आता उशीर झालाय का, हे तिने सांगितलं नाही आणि विचारायचा मला धीर झाला नाही.

नळी नीट बसली का ते पाहायला एक्स-रे काढायचा होता. बाबांना ट्रॉलीवर घेताना मी त्यांच्या पाठीखाली हात घातले आणि ते सहज उचलले गेले. मला रडूच फुटलं. आई पलंगाचा दांडा धरून बघत होती.

"मी तं हलकंच देऊन राहिली होती गं," ती म्हणाली. "वाया जाऊ नये म्हणून तळची डाळ रोज मीच खात होती."