ओट्यातली काळी रेघ

डोंबिवलीच्या घरातला जुना ओटा आज काढला. कटरखाली ओल्या दगडाचा वास उठला आणि वाटलं, बाबाच वागळे इस्टेटमधून कामावरून आले.

बाबा तिथे दगड कापायचे. ओट्यासाठी त्यांनी करड्या पट्ट्यांचा दगड आणला, तेव्हा त्यात बोटभर रुंद काळी रेघ आरपार गेलेली.

"अहो, तडा गेलेला दगड आणलात?" आई म्हणाली.

"तडा होता, आता भरलाय. हा जुना दगड जमिनीखाली भाजला, दाबला गेला, मग भेगाळला. भेगेत खालून वितळलेला दगड शिरला आणि थंड होऊन तिथंच घट्ट बसला. पाहुणा घरमालकापेक्षा मजबूत!"

मी दहा वर्षांची आणि भलती नाटकी. कोण मजबूत ते बघायला तोंडाने ढोल वाजवत मी रेघेवर बत्ता हाणला. रेघ शाबूत राहिली, शेजारचा करडा टवका उडाला.

आई धावत आली.

"माझ्या हातून हातोडी निसटली," बाबा म्हणाले.

मग "गावाचे दगड कापता आणि घरचा फोडलात" हे आईचं पालुपदच झालं. बाबा हसायचे. मी तर पाहुण्यांना त्याची नक्कल करून दाखवायचे.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. आज तो फुटका तुकडा हातात घेऊन मी आईला खरं सांगितलं.

ती रेघेवरून बोट फिरवत राहिली. "ते असताना सांगायचंस ना गं," म्हणाली. "शेवटच्या आजारपणातही मी त्यांना तेच ऐकवलं."